डेस्कटॉप सुरू होत नाही, मदरबोर्ड गेला म्हणतात. बदलू का?

धागाकर्ता, वसमत

नमस्कार मंडळी. मोंढ्यात आमचं हळदीचं आडत दुकान आहे. तिथला डेस्कटॉप परवापासून बंद पडलाय. बटण दाबलं की पंखा जेमतेम एक गिरकी घेतो आणि थांबतो. स्क्रीन काळी, बीप नाही. प्लग काढून पाच मिनिटांनी लावला तरी तेच.

दुरुस्तीवाल्याने झाकण उघडून नुसतं बघितलं आणि सांगितलं, मदरबोर्ड गेला, नऊ हजार लागतील. मीटर काही लावलं नाही. पैशापेक्षा मला टॅलीतल्या हिशोबाची काळजी आहे. शेतकऱ्यांच्या पट्ट्या (मालाच्या विक्रीचे हिशोब), उचल, हमाली, सगळं त्यातच आणि शेवटची कॉपी दिवाळीतली. आवक जोरात आहे, माणसं पट्टीसाठी ताटकळतात, सध्या हाताने लिहून देतोय. काय करावं?

आणखी एक, कॅबिनेटला हात लागला की अलीकडे झिणझिण्या यायच्या. त्याचा काही संबंध असेल का?

प्रतिसाद, परभणी

दादा, मदरबोर्डाचे पैसे इतक्यात देऊ नका. हेच काम करतो म्हणून सांगतो. एक गिरकी घेऊन थांबणं म्हणजे बहुतेक वेळा एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा, स्वतःला बंद करून घेतोय. एक तर तो कमजोर झालाय, नाहीतर पुढे कुठेतरी शॉर्ट आहे. बोर्डही असू शकतो, पण तो शेवटी बघायचा.

आधी हिशोब. प्लग काढा, हार्डडिस्क सोडवा आणि दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून टॅलीचं डेटा फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या. डिस्क यूएसबीला जोडणारी सॅटा ते यूएसबी केबल वापरणार असाल तर ३.५ इंची मोठ्या डिस्कला १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर लागतो, नुसत्या यूएसबीवर ती फिरत नाही. आणि कॅबिनेट कुणाकडे दुरुस्तीला दिलं तरी डिस्क घरी ठेवा.

मग धूळ. हळदीच्या दुकानातले कॅबिनेट मी उघडलेत, प्रोसेसरच्या पंख्याखाली पिवळा थर चिकटून बसलेला असतो. ब्रश आणि ब्लोअरने काढा, पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. रॅम काढून सोनेरी कडा खोडरबरने पुसा, एकच पट्टी परत बसवा. डीव्हीडी ड्राइव्ह, प्रिंटर, सगळं सोडवून बटण दाबून बघा.

तरीही तेच झालं तर प्लग काढून बोर्डातला २४ पिनांचा जोड सोडवा. त्यात हिरवी वायर एकच असते. ती आणि शेजारची काळी वायर वाकवलेल्या यूपिनने जोडा, एक पंखा लावून ठेवा, मग चालू करा. मीटरवर पिवळी-काळी ११.४ ते १२.६ आणि लाल-काळी ४.७५ ते ५.२५ व्होल्टच्या आत हवी. वायरी सगळ्या काळ्या असतील तर हा प्रयोग करू नका. एसएमपीएसचा डबा तर मुळीच उघडू नका, आतले कॅपॅसिटर प्लग काढल्यावरही चार्ज धरून असतात.

आकडे बरोबर आले म्हणून तो चांगला ठरत नाही. लोड आल्यावरच खरं कळतं, म्हणून ओळखीच्या कुणाचा चालू एसएमपीएस तासभर लावून बघणं सगळ्यात उत्तम. ग्राफिक्स कार्ड नसेल तर ४५० वॅटचा, ८० प्लस (वीज कमी वाया जाते याची) छाप असलेला, तीन वर्षं वॉरंटीचा भरपूर झाला. स्वस्तातला हलका डबा घेऊ नका.

प्रतिसाद, लातूर

झिणझिण्या सोडून देऊ नका. अर्थिंग तुटलं की एसएमपीएसच्या आतल्या फिल्टरमुळे कॅबिनेटवर मेनच्या साधारण निम्मा, ११५ व्होल्टच्या आसपास दाब येऊन बसतो. करंट थोडा असतो, पण दुकानात ओल्या हाताची माणसं वावरतात. यानेच कॉम्प्युटर गेला असं म्हणणार नाही, पण वायरमन बोलवाच.

आपल्याकडे काळी माती मे महिन्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. आमच्याकडे मीठ-कोळसा नव्याने भरून पाणी सोडलं तेव्हा फरक पडला. न्यूट्रल आणि अर्थच्या मध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर काहीतरी बिघडलंय. तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन कुणी कापली नाही ना, तेही बघा.

धागाकर्ता, वसमत

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री दुकान बंद झाल्यावर बसलो. पुतण्याच्या कॉम्प्युटरला डिस्क जोडली, सगळा हिशोब मिळाला, दोन पेनड्राइव्हवर घेतला. तेव्हा कुठे हात थरथरायचे थांबले.

रॅम पुसून, सगळं सोडवूनही गिरकी तीच. यूपिनने चालू केलं तर पिवळ्या वायरला १०.७ व्होल्ट. पुतण्याचा एसएमपीएस लावला आणि पहिल्याच बटणाला सुरू झाला! बोर्ड ठणठणीत आहे.

फक्त तारीख कित्येक वर्षं मागे गेली होती. पट्टी करायला बसलो तेव्हा लक्षात आलं, नाहीतर सगळ्या नोंदी चुकीच्या तारखेला पडल्या असत्या. मदरबोर्डावरचा घड्याळाचा सीआर२०३२ सेल बदलल्यावर बरोबर झाली.

आणि अर्थची वायर भिंतीवरच्या स्विचबोर्डाच्या मागे नुसती गुंडाळून ठेवलेली निघाली, खड्ड्यापर्यंत गेलेलीच नव्हती. वायरमन उद्या सकाळी येतोय. तोवर कॅबिनेटला कुणी हात लावू नये म्हणून पोती आडवी लावलीत.