होमस्टेला आयकराची नोटीस: खात्यातली सगळी जमा उत्पन्न धरतात का?

मालवण_किनारा:
तारकर्लीत चार खोल्यांचं होमस्टे आहे. 2022-23 मध्ये दोन खात्यांत मिळून 34 लाख जमा, रिटर्नला आयकराच्या कलम 44एडीखाली (उलाढालीच्या ठरावीक टक्के नफा धरायची सोय) उलाढाल 16 लाख. आंब्याच्या विक्रीचे पैसेही याच जमेत आहेत. आता 142(1)ची, म्हणजे माहिती मागणारी नोटीस आलीय, कॅश फ्लो (रोकड कधी आली-गेली याचा तक्ता) मागितलाय. 44एडीला वह्या लागत नाहीत ना? मग फरकाचे 18 लाख उत्पन्नात धरतील?

करसल्लागार_रत्नागिरी:
वह्या लागत नाहीत, पण जमेचा खुलासा द्यावाच लागतो. अधिकारी आधी पूर्ण जमा धरतो. त्यातून काय वगळायचं ते पुराव्यानिशी तुम्ही दाखवायचं. या खात्यातून त्या खात्यात फिरवलेले पैसे, मोडलेली एफडी, न वटलेला चेक हे पहिल्यांदा काढा. समजा त्यात 7 लाख गेले आणि आंब्याचे 5 लाख सिद्ध झाले, तर उरले 22. म्हणजे दाखवलेल्या 16 लाखांशी फरक 6 लाखांचा.

खरी लढाई या 6 लाखांची आहे. ते पर्यटकांकडूनच आले हे पटलं, तर बहुतेकदा नफ्यापुरतीच वाढ होते: 8 टक्क्यांनी 48,000 रुपये उत्पन्न. नाही पटलं तर कलम 68 किंवा 69ए (खुलासा न झालेला पैसा), आणि त्यावरच्या खास दराच्या 115बीबीईप्रमाणे 2022-23 साठी अधिभार-उपकर धरून 78 टक्के, म्हणजे 4,68,000 रुपये नुसता कर. दंड वेगळा. म्हणून पाहुण्यांचं रजिस्टर आणि बुकिंगचे मेसेज तारखेने बँकेतल्या भरण्याशी जुळवा. बुकिंग साइटवाले कमिशन कापून पैसे पाठवतात, 26एएसमध्ये (तुमच्या नावे कापलेल्या टीडीएसचा आयकर खात्याचा तक्ता) मात्र पूर्ण रक्कम दिसते. उलाढाल पूर्ण रकमेची धरायची.

जमाखर्च_देवगड:
कॅश फ्लो तारीखवार करा. 10 मेला 2 लाख भरले आणि हिशेबाने त्या दिवशी हातात 60 हजारच असतील, तर 1.40 लाखांचा जाब द्यावा लागतो. घरखर्च अगदीच किरकोळ दाखवलात की अख्खा तक्ता संशयात येतो. एप्रिलमध्ये काढलेली रोकड डिसेंबरात परत भरली म्हणालात, तर मधे ती घरात कशाला ठेवली, हा प्रश्न येणारच.

मे महिन्याचं रजिस्टर बघून त्याला बाराने गुणलं जाण्याचा धोका असतो. पावसाळ्यात खोल्या रिकाम्या होत्या हे महिनावार वीजबिलाच्या युनिटवरून दाखवा. तोंडी सांगून भागत नाही.

आंब्याला सातबारा आणि वाशीच्या आडत्याच्या पट्ट्या (विक्रीच्या हिशेबाच्या पावत्या) हव्यात. दुसऱ्याच्या आंब्याच्या झाडांवरचं तयार फळ विकत घेऊन विकलं असेल तर तो व्यापार, शेती नव्हे.

मालवण_किनारा:
सातबारा आईच्या नावावर आहे, पट्ट्याही तिच्याच नावाच्या. पैसे माझ्या खात्यात आले.

करसल्लागार_रत्नागिरी:
मग ते उत्पन्न आईंचं. त्यांचं सहीचं पत्र, पॅन, सातबारा आणि पट्ट्या एकत्र जोडा. पत्रात प्रत्येक रक्कम तारखेसह लिहा. तुमच्या रिटर्नमध्ये ते शेती उत्पन्न म्हणून दाखवलं असेल, तर ही विसंगती आधीच उत्तरात मांडा.