जत्रेच्या नाटकात राजकारणावर हसायचे, पण नेमके कोणाला?

जांबोटी रस्ता (प्रश्न)

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात असलेल्या आमच्या गावात जत्रेच्या दुसऱ्या रात्री नाटक करण्याची जुनी रीत आहे. आजवर ऐतिहासिक किंवा कौटुंबिक नाटकांची छापील पुस्तके आणून तालमी होत असत. यंदा मंडळातील आम्ही पाच-सहा जणांनी पाऊण तासाचे राजकीय प्रहसन स्वतःच लिहिले आहे. एक शेतकरी उताऱ्यावरील आपल्या नावातील चूक दुरुस्त करून घेण्यासाठी नाडकचेरीत, म्हणजे सरकारी महसूल कचेरीत, खेटे घालतो. हाती पडणारा प्रत्येक कागद कन्नडमध्ये असल्यामुळे तो वाचून घेण्यासाठी गावभर फिरतो, आणि कारकुनाकडून त्याला रोज 'नाळे बर्री', म्हणजे उद्या या, एवढेच उत्तर मिळते. शेवटी तो मरतो आणि भूत होऊन कचेरीत जातो, तर दारावर खडूने 'नाळे बा' असे लिहिलेले असते. नव्वदच्या दशकात कर्नाटकात रात्री दार ठोठावणाऱ्या भुताला परत पाठविण्यासाठी लोक घरांच्या दारांवर हेच शब्द लिहीत असत, हे येथील वडीलधाऱ्यांना आठवत असेल.

अडचण अशी की, पहिल्या वाचनाला सर्वांत मोठा हशा आला तो कारकुनाच्या मोडक्या मराठीला. भुताचा प्रसंग, ज्यासाठी आम्ही सारे लिहिले, तो जवळजवळ शांततेत गेला. त्याहून अवघड प्रश्न पहिल्या रांगेचा आहे. मंडपाचा आणि ध्वनिक्षेपकाचा खर्च ज्या पुढाऱ्यांनी उचलला आहे, ते तेथे बसणार आहेत. मंडळातील ज्येष्ठ सांगतात की कचेरीवर हवे तेवढे हसा, पण आपल्या माणसांना हात लावू नका, कारण सीमाभागात आपणच आपले हसे करून घेतले तर उरलेसुरले बळही जाईल. त्यांचे म्हणणे मला सर्वस्वी खोडून काढता येत नाही. तरीही एकाच बाजूवर हसणाऱ्या नाटकाला विडंबन म्हणावे की जाहीर सभा, असा प्रश्न मनात राहतो. ज्यांनी अशी नाटके केली किंवा पाहिली आहेत, त्यांचे मत हवे आहे.

निवृत्त मास्तर, शहापूर

प्रथम हशाविषयी. कारकुनाच्या मोडक्या मराठीवर लोक हसले, कारण तो हशा फुकटचा होता. त्यात प्रेक्षकाला काहीच गमवावे लागत नाही. तोच कारकून धारवाडच्या रंगमंचावर मराठी शेतकऱ्याच्या मोडक्या कन्नडवर तितकाच हशा मिळवील. जी थट्टा पात्रांची अदलाबदल करून जशीच्या तशी पलीकडे चालते, ती कोणावरही टीका करीत नाही. मी तरुणपणी गावोगावच्या नाटकांत विनोदी भूमिका केल्या आहेत आणि असे हशे भरपूर घेतले आहेत, त्यामुळे हे सांगताना माझ्याकडे उपदेशकाचा अधिकार नाही, केवळ अनुभव आहे.

कागदांच्या भाषेवरील विडंबन आपल्याकडे नवे नाही. सोळाव्या शतकात एकनाथांनी भारुडांना चक्क सरकारी दप्तराचे रूप दिले. अर्जदस्त, ताकीदपत्र, अभयपत्र, जाबचिठ्ठी ही त्या काळच्या फारसी वळणाच्या राज्यकारभारातील कागदांची नावे त्यांच्या भारुडांना आहेत. अर्जदस्तात शरीर हा परगणा होतो, जीव हा शेखदार होतो आणि बुद्धी ही कारकून. हेतू आध्यात्मिक होता हे खरे. परंतु ज्या भाषेपुढे रयत हात जोडून उभी राहत असे, ती भाषा चव्हाट्यावर डफ-टाळांच्या साथीने म्हटली गेली की तिचा दरारा तेवढ्यापुरता तरी उतरत असला पाहिजे. आपल्या शेतकऱ्याच्या हाती पडणारी नोटीस याच चालीवर मोठ्याने वाचून दाखवा. कारकुनाचा उच्चार सोडा, नोटिशीचे वाक्य पकडा.

आता पहिल्या रांगेकडे. आपल्या नाटकात दार एकच आहे, हीच त्याची उणीव आहे. ते भूत कचेरीतून परतल्यावर पुढाऱ्याच्या घरी का जात नाही? १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हा भाग कर्नाटकाकडे (तेव्हाच्या म्हैसूर राज्याकडे) गेल्यापासून, सीमाप्रश्न सुटेल म्हणून आपल्या तीन पिढ्यांनी ऐकलेले 'लवकरच' हे 'नाळे बा'चेच मराठी भाषांतर नव्हे काय? सीमाप्रश्नावरील महाजन आयोगाचा अहवाल १९६७ चा, त्याच प्रश्नावरचा महाराष्ट्राचा सर्वोच्च न्यायालयातील दावा २००४ चा. या काळात किती निवडणुका झाल्या आणि प्रत्येक निवडणुकीला कोणकोण 'लवकरच' म्हणाले, हे गावातील प्रत्येकाला तोंडपाठ आहे. त्या दारावरही खडूने तेच लिहा. मग हशा येतो की शांतता, ते पाहा. मला वाटते दोन्ही येतील, आधी शांतता.

निपाणी नाका

मास्तरांविषयी आदर बाळगून असहमती नोंदवितो. स्वतःवर हसण्याचा सल्ला नेहमी दुबळ्यालाच का दिला जातो? ज्याच्या गावाच्या फलकावरील भाषा दुसरा ठरवतो, ज्याच्या शहराचे नाव २०१४ साली सरकारी आदेशाने बेळगावचे बेळगावी केले जाते, त्याने रंगमंचावर उभे राहून आधी आपल्याच पुढाऱ्यांची खिल्ली उडवावी आणि मग समतोल साधल्याचे प्रमाणपत्र घ्यावे, ही अपेक्षा मला न्याय्य वाटत नाही. सत्तेवर हसणे हेच राजकीय विनोदाचे काम आहे, आणि येथे सत्ता कोणाची आहे हे सांगण्याची गरज नाही. खाडिलकरांनी १९०७ साली 'कीचकवध' लिहिले तेव्हा कीचकाच्या रूपात प्रेक्षकांना लॉर्ड कर्झन दिसला आणि १९१० साली सरकारने नाटकावर बंदी घातली. खाडिलकरांनी समतोल साधला असता, तर ते नाटक आज कोणाला आठवले असते?

निवृत्त मास्तर, शहापूर

उदाहरण आपण माझ्या बाजूचे दिले आहे. 'कीचकवध' पुन्हा वाचावे. त्यात कीचक दुष्ट आहे याविषयी वादच नाही, त्यामुळे नाटक केवळ त्याच्यावर उभे राहत नाही. ते उभे राहते युधिष्ठिर आणि भीम यांच्यातील ताणावर. सैरंध्रीचा अपमान डोळ्यांदेखत होत असताना नियमांवर बोट ठेवून थांबा म्हणणाऱ्या युधिष्ठिरात तेव्हाच्या प्रेक्षकाने मवाळ पुढारी ओळखले, आणि भीमात जहाल. म्हणजे परक्या सत्तेविरुद्धच्या त्या नाटकातही सर्वांत बोचरा प्रश्न आपल्याच माणसांना विचारलेला होता. मी समतोल मागत नाही. कचेरीचे दार पुसू नका, एवढेच नव्हे तर ते अधिक मोठे करा. फक्त भुताला तेथेच अडवून ठेवू नका.

घटप्रभेकाठचा

माझ्या घरी कन्नड बोलतात. शिक्षण मात्र मराठी शाळेत झाल्यामुळे या चर्चेत डोकावलो. लेखकांनी एक गोष्ट हातची घालवली आहे, असे मला वाटते. सरकारी नोटिशीतील कन्नड आमच्या गोकाक भागातील शेतकऱ्यालाही कळत नाही. ती पुस्तकी आणि जुन्या म्हैसूर वळणाची भाषा आहे. माझ्या वडिलांनी अशी नोटीस मला वाचायला दिली होती आणि मी ती शेजारच्या गुरुजींकडे नेली होती. तेव्हा आपल्या नाटकातील मराठी शेतकरी कागद वाचून घेण्यासाठी कन्नड शेजाऱ्याकडे जाईल आणि तो शेजारी चष्मा लावून, घसा खाकरून, पूर्ण नोटीस खणखणीत वाचेल आणि शेवटी म्हणेल की अक्षरे सर्व कळली, आता अर्थ सांगणारा कोणी आहे का पाहू. मग दोघे मिळून कचेरीत जातील. 'नाळे बर्री' हे दोघांनाही बरोबर कळेल, कारण कचेरीतील तेवढेच वाक्य साध्या कन्नडमध्ये असते.

आमच्याकडच्या श्रीकृष्ण पारिजात या खेळात दूती आणि भागवत (सूत्रधार) यांचे विनोदी सवाल-जवाब रंगतात. कृष्ण आणि सत्यभामा यांची कथा चालू असताना ही दूती मोठ्यांच्या तोंडावर जे बोलून जाते, ते इतर कोणी बोलू शकत नाही. आपल्या तमाशातील सोंगाड्याचे तेच काम. कन्नड नाटककार चंद्रशेखर कंबार हे हुक्केरी तालुक्यातील घोडगेरीचे. त्यांच्या 'जोकुमारस्वामी' नाटकात लोकांच्या पूजेतला, सणातला देव घेऊन गावच्या गौडाची (पाटलाची) मालकी हास्यास्पद केली आहे, जमिनीवरचीही आणि घरातलीही. गौडाही कन्नड आणि त्याच्यावर हसणारेही कन्नड. मराठी नाटकाचा आरंभ ज्या १८४३ च्या सांगलीतील प्रयोगापासून मानतात, त्याची प्रेरणा कर्नाटकातून तेथे गेलेल्या भागवत मंडळींच्या खेळांतून आली होती, हे मात्र आपले ज्येष्ठ सोयीस्करपणे विसरतात. (रागावू नये, आमचेही ज्येष्ठ बरेच काही विसरतात.)

काळा कोट, बेळगाव

नाटकाच्या गुणवत्तेविषयी बोलण्याचा माझा अधिकार नाही, परंतु वकिली करीत असल्यामुळे दोन-तीन व्यवहाराच्या गोष्टी सांगते. ज्या १८७६ च्या कायद्याने ब्रिटिशांनी देशभर नाटकांवर नियंत्रण आणले, तो केंद्रीय कायदा २०१८ साली रद्द झाला आहे. यावरून आता सर्व मोकळे आहे असे समजू नये, कारण कर्नाटकाचा १९६४ चा स्वतःचा नाट्यप्रयोगविषयक कायदा आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे भारतीय न्याय संहितेचे कलम १९६. दोन गटांत वैर वाढविण्याच्या गुन्ह्यात धर्म आणि जातीबरोबर 'भाषा' हा शब्दही त्यात स्पष्टपणे आहे. म्हणूनच मास्तरांचा सल्ला कलेच्या दृष्टीने जितका योग्य आहे, तितकाच कायद्याच्या दृष्टीनेही शहाणपणाचा आहे. कचेरीच्या कारभारावर हसणे आणि एखाद्या भाषेच्या लोकांवर हसणे यांतील अंतर न्यायालयात फार मोठे ठरते. पुढाऱ्याच्या पात्राला एखाद्या जिवंत व्यक्तीचे नाव, लकब किंवा गाडीचा क्रमांक देऊ नका. पद पुरेसे आहे. प्रेक्षक नाव स्वतः घालतात.

वेळेचेही पाहा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सणासमारंभांसाठी राज्य सरकार वर्षातील ठरावीक दिवशी बारापर्यंत सवलत देऊ शकते. आपल्याकडे आठच्या नाटकाचा पडदा साडेनऊला उघडतो, कारण मधला वेळ शाल-श्रीफळांत जातो. परवानगीच्या अर्जाबरोबर संहितेची प्रत जोडून पोहोच घेतलीत, तर पुढे उपयोगी पडेल.

एक गोष्ट वकील म्हणून नव्हे, प्रेक्षक म्हणून. शेतकऱ्याच्या बायकोचे पात्र असेलच. ती कजाग, नवरा बावळट, असा विनोद कृपा करून टाळा. घरातील कागद जपून ठेवणारी, कोणता कागद कोणत्या डब्यात आहे हे सांगणारी बहुधा तीच असते. भुताच्या मागे डबा घेऊन तिलाच पाठवा.

निपाणी नाका

मास्तर, 'कीचकवध' काढून वाचले. युधिष्ठिराविषयीचे आपले म्हणणे मान्य. दुबळ्याकडून आधी आत्मपरीक्षण मागण्याविषयीचा माझा आक्षेप मात्र कायम आहे. दारांचा क्रम महत्त्वाचा आहे. कचेरीचे दार पहिलेच असावे आणि शेवटी भूत पुन्हा तेथेच यावे.

जांबोटी रस्ता

सर्वांचे आभार. गेल्या दोन आठवड्यांत प्रहसन बरेचसे नव्याने लिहिले. कारकून आता अस्खलित, छापील कन्नड बोलतो आणि त्याच्या मराठीवरील सर्व विनोद काढले आहेत. त्यामुळे ती भूमिका करणारा आमचा मित्र काही दिवस रुसला होता. कन्नड शेजाऱ्याचा प्रसंग जवळजवळ वर सांगितला तसाच घेतला आहे, आणि ती भूमिका गावातील किराणा दुकानदार करणार आहेत, ज्यांची मातृभाषा खरोखर कन्नड आहे. नोटीस वाचण्याची त्यांची पद्धत इतकी गंभीर आहे की तालमीत कोणालाच पुढचे वाक्य बोलता येत नाही. शेतकऱ्याची बायको डबा घेऊन तिन्ही प्रवेशांत आहे. भूत आधी कचेरीत जाते, मग पुढाऱ्याच्या दारी, आणि निपाणीकरांच्या म्हणण्याप्रमाणे शेवटी पुन्हा कचेरीत.

सत्कार नाटकानंतर ठेवावेत अशी सूचना केली, ती ज्येष्ठांनी फेटाळली; वीस मिनिटांत आटोपण्याचे मात्र कबूल केले. पुढाऱ्याच्या दाराचा प्रवेश मी त्यांना वाचून दाखविला. कोणी हसले नाही. बऱ्याच वेळाने त्यांच्यातील सर्वांत वयस्कर गृहस्थ म्हणाले की, खडूने लिहिलेले पुसले जाते, त्या दारावर रंगाने लिहा.

पुढाऱ्याच्या भूमिकेसाठी बिनबाह्यांचे जाकीट गावात एकाच व्यक्तीकडे आहे, आणि ती व्यक्ती म्हणजे मंडपाचा खर्च देणारे देणगीदार. जाकीट मागितले असता त्यांनी ते आनंदाने देऊ केले. संहिता त्यांनी अजून मागितलेली नाही.