मदत हवी आहे: सायकलला इलेक्ट्रिक किट बसवले, पण आरेच्या चढावर मोटर बंद पडते

गोरेगावचा_चाकरमानी
जुन्या गिअरच्या सायकलला मागच्या चाकात हब मोटर असलेले २५० वॉटचे किट बसवून घेतले आहे. गोरेगाव पूर्वेहून आरेमार्गे पवईला कामावर जाताना सपाट रस्त्यावर सायकल उत्तम चालते, परंतु चढ लागला की मोटर एकाएकी गप्प होते. बॅटरी पूर्ण भरलेली असते. किट बसवणाऱ्याचे म्हणणे असे की चढावर हे व्हायचेच, तेवढे पेडल मारावे. पेडलच मारायचे असते तर एवढे पैसे कशाला घातले असते? सोमवारपासून रोज जायचे आहे, तेव्हा नेमके काय बदलावे एवढेच कृपया सांगावे.

तेरा_चौदाचा_पाना
आपण दिलेल्या माहितीवर कोणीही खात्रीने उत्तर देऊ शकणार नाही. बॅटरी लिथियमची आहे की लेड-ॲसिडची, किती व्होल्टची आणि किती अँपिअर-अवरची? कंट्रोलरवर, म्हणजे बॅटरीतून मोटरला किती करंट जायचा हे ठरवणाऱ्या डब्यावर, किती अँपिअर लिहिले आहे? मोटर थांबते तेव्हा डिस्प्ले चालू राहतो की तोही विझतो, आणि पुन्हा सुरू करण्यासाठी काय करावे लागते? यातील शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे.

घाटवाट
मुळात चढाच्या रस्त्यासाठी हब मोटर घेणेच चूक. मिड ड्राइव्ह, म्हणजे पेडलपाशी बसणारी मोटर, सायकलच्या साखळीतून जोर लावते, त्यामुळे चढावर मागचा मोठा दाता (दातेरी चक्र) घेतला की मोटर तिच्या सोयीच्या वेगाने फिरत राहते. हब मोटरला हे गिअर मिळत नाहीत. चाक हळू फिरू लागले की ती जास्त करंट ओढते आणि त्यातील बराचसा केवळ उष्णतेत जातो. ते चाक विकून टाका आणि मिड ड्राइव्ह बसवा.

जुना_खटारा
लिथियमच्या नादी लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मी १२ व्होल्टच्या तीन लेड-ॲसिड बॅटऱ्या कॅरिअरवर बांधून काळी सायकल चालवतो. बॅटरी कोणत्याही दुकानात मिळते, आणि आत न कळणारे सर्किट नसते.

तेरा_चौदाचा_पाना
त्या तीन बॅटऱ्या १२ अँपिअर-अवरच्या असतील, तर त्यांचेच वजन बारा किलोच्या आसपास होते, आणि ते चढावर प्रत्येक वेळी वर ओढावे लागते. शिवाय जास्त करंट ओढला की लेड-ॲसिडची क्षमता छापील आकड्यापेक्षा बरीच कमी भरते, म्हणजे ज्या चढासाठी हा चर्चेचा धागा काढला आहे तिथेच ती अधिक मार खाते. घाटवाट यांचे म्हणणे तत्त्वतः बरोबर आहे, पण चालू चाक काढून फेकण्याचा सल्ला दोष शोधण्याआधी देऊ नये.

कायदेपंडित
आपली सायकल नोंदणीशिवाय चालवता येते का, हे पाहिले आहे काय? केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम २(यू) नुसार मोटर सलग तीस मिनिटे देऊ शकते त्या शक्तीला ०.२५ किलोवॉटची आणि वेगाला ताशी २५ किलोमीटरची मर्यादा आहे. ती ओलांडली की वाहन मोटार वाहन ठरते, आणि मग नोंदणी, विमा व परवाना हे सर्व आले.

गोरेगावचा_चाकरमानी
कायद्याचे मी विचारलेलेच नाही. बॅटरी लिथियमची, ३६ व्होल्ट १० अँपिअर-अवर, असे स्टिकर आहे. मोटरबरोबर डिस्प्लेही विझतो. चावी बंद करून थोडे थांबले की पुन्हा सुरू होते. आता तरी उपाय सांगा.

तेरा_चौदाचा_पाना
डिस्प्ले विझतो हे पहिल्याच वेळी लिहिले असते तर अर्धा धागा वाचला असता. व्होल्टेज घसरल्यामुळे कंट्रोलरने मोटर थांबवली, तर डिस्प्ले बहुधा चालू राहतो आणि थ्रॉटल सोडला की मोटर आपोआप परत येते. इथे सगळेच विझते आणि चावी बंद करावी लागते, याचा अर्थ बॅटरीतील बीएमएस (सेलचे रक्षण करणारी सर्किटची पट्टी) जास्त करंटमुळे पुरवठा तोडत असावी, असा माझा दाट संशय आहे. सपाट रस्त्यावर तीन-चार अँपिअर पुरतात; चढावर कंट्रोलर त्याच्या कमाल मर्यादेपर्यंत ओढतो. कंट्रोलर १५ अँपिअरचा आणि बीएमएस १० ची असेल, तर हे होणारच, मग बॅटरी कितीही भरलेली असो. खात्रीसाठी मल्टीमीटर लावून पाहा: अशी बॅटरी भरल्यावर ४२ व्होल्ट दाखवते. बंद पडल्यावर, चावीला हात लावण्याआधी, बॅटरीच्या बाहेरच्या टोकांवर जवळजवळ शून्य आले, तर संशय खरा. बॅटरी आणि कंट्रोलर यांच्यामधला कनेक्टरही उघडून पाहा.

गोरेगावचा_चाकरमानी
शून्य नाही, पण दोन व्होल्टच्या खालीच आकडा आला. कंट्रोलरवर १५ अँपिअर लिहिले आहे. कनेक्टरची एक बाजू तपकिरी झाली असून प्लास्टिक पिनेभोवती किंचित फुगले आहे. बीएमएस कितीची आहे हे बॅटरीवर कुठेच लिहिलेले नाही आणि किट बसवणारा फोन उचलत नाही.

घाटवाट
मिड ड्राइव्हलाही चांगली बॅटरी लागतेच, तेव्हा बॅटरी बदलणारच असाल तर माझ्या सूचनेचा पुन्हा विचार व्हावा.

तेरा_चौदाचा_पाना
दोन व्होल्ट हे नुसते उरलेसुरले दिसतात. पुरवठा तुटलेलाच आहे. तपकिरी झालेला कनेक्टर आधी बदला, कारण सैल पीन तापते आणि पावसाळ्यात तिथे पाणी शिरले की अधिक बिघडते. बीएमएस बदलण्यासाठी पॅक घरी उघडू नका. आतल्या सेलच्या पट्ट्या एकमेकींना लागल्या तर आग लागू शकते. ते काम लिथियम पॅक बांधणाऱ्याकडूनच करून घ्यावे, आणि बीएमएस किमान २० अँपिअरची मागावी. सोमवारपुरता उपाय म्हणजे चढाच्या आधी असिस्टची (मोटरच्या मदतीची) पातळी खाली आणा, मागे मोठा दाता घ्या आणि पेडलची साथ द्या. काही डिस्प्लेंच्या सेटिंगमध्ये कंट्रोलरचा कमाल करंट कमी करता येतो. आपल्या डिस्प्लेच्या मागे मॉडेल क्रमांक असेल, तो इथे लिहा. त्यावाचून कोणते सेटिंग बदलायचे हे सांगता येणार नाही.