मूलभूत जीववैद्यकीय संशोधन कंत्राटावर देता येतं का?

तळ्यात-मळ्यात:
एका मित्राशी महिनाभर वाद चाललाय, म्हणून हा धागा. विषय अमेरिकेतला आहे, कारण तिथे कंत्राट आणि अनुदान यांतला फरक कायद्यातच लिहिलेला आहे. १९७७ च्या कायद्याप्रमाणे सरकारला स्वतःच्या उपयोगासाठी वस्तू किंवा सेवा विकत घ्यायची असेल तर कंत्राट आणि लोकहिताच्या कामाला हातभार लावायचा असेल तर अनुदान. विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत पैसा या दोन्ही दारांनी येतो.

माझं मत स्पष्ट आहे. पेशीच्या आत काय चालतं हे शोधायला निघालेल्या माणसाशी कंत्राट करणं म्हणजे विहिरीला पाणी लागण्याआधीच किती बादल्या देणार ते लिहून घेणं. तिसऱ्या महिन्यात प्रयोगाने भलतीच वाट दाखवली तर? अनुदान असेल तर संशोधक बहुतेक वेळा त्या वाटेने जातो आणि वार्षिक अहवालात तसं कळवतो. कंत्राटात कामाची व्याप्ती बदलायचा अधिकार एकट्या कंत्राट अधिकाऱ्याला, तोही लेखी. वर सरकारला स्वतःच्या सोयीसाठी कंत्राट मध्येच गुंडाळायची मुभा. पीएचडीच्या विद्यार्थ्याने पाच वर्षं कोणाच्या भरवशावर काढायची?

दाखला देतो. कर्करोगामागे विषाणू आहेत का हे शोधायला तिथल्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९६४ मध्ये खास कार्यक्रम काढला. पैसा मुख्यतः कंत्राटांतून वाटला. १९७४ मध्ये जनुकशास्त्रज्ञ नॉर्टन झिंडर यांच्या समितीने त्यावर चांगलेच कोरडे ओढले. कंत्राटं ठरवणारे आणि घेणारे एकाच गोतावळ्यातले, बाहेरच्या जाणकारांची छाननी जवळजवळ नाहीच. आता बोला.

निमसरकारी:
झिंडर समितीचं खरं आहे, पण तुम्ही अर्धीच गोष्ट सांगितलीत. त्याच कार्यक्रमाने कंत्राटं देऊन विषाणू घाऊक प्रमाणात वाढवून घेतले आणि प्रयोगशाळांना पुरवले. १९७० मध्ये टेमिन आणि बाल्टिमोर यांनी रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज शोधलं, म्हणजे आरएनएवरून डीएनए बनवणारं एन्झाइम. पुढे जीन क्लोनिंग करणाऱ्या प्रत्येकाला ते हवं होतं. ते यायचं कोंबड्यांच्या रक्तकर्करोगाच्या विषाणूपासून. कोंबड्या पाळा, विषाणू वाढवा, एन्झाइम शुद्ध करा, हे काम कोणता प्राध्यापक अनुदानावर वर्षानुवर्षं करत बसला असता? सत्तरच्या दशकातले शोधनिबंध काढा आणि शेवटचा आभाराचा परिच्छेद वाचा. एन्झाइम पुरवल्याबद्दल जोसेफ बिअर्ड यांचे आभार इतक्या वेळा भेटतात की त्यांना सहलेखकच करायला हवं होतं.

हे 'मूलभूत' नसेलही. पण त्याच्याशिवाय तुमचं मूलभूत उभं राहत नाही.

वाचनमात्र:
विहिरीची उपमा आवडली. पण विहीर खणणारासुद्धा फुटाच्या दराने पैसे घेतो, पाणी लागो न लागो. तेही कंत्राटच की!

तळ्यात-मळ्यात:
@वाचनमात्र, फुटाच्या दराने दिलं तर मी आजच सही करतो. इथे बादल्या मोजतात.

उणे ऐंशी:
मी अशाच एका कंत्राटावर पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची तात्पुरती संशोधक होते, म्हणून लिहिते. विद्यापीठाचं नाव सांगत नाही.

काम ठरलेलं होतं. एका प्रथिनाविरुद्धच्या अँटिबॉडी तपासायच्या आणि दर महिन्याला अहवाल द्यायचा. प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या एका जेलवर भलत्याच ठिकाणी ठळक पट्टी दिसली. पुन्हा केलं, पुन्हा दिसली. दूषित नमुना नव्हता, तेही तपासलं. सरांना दाखवलं तर म्हणाले, "फार मजेशीर आहे. आपल्या यादीत आहे का?" नव्हतं. अहवालात एक ओळ टाकली, नमुना नळीत भरून फ्रीजरमध्ये ठेवला आणि पुढच्या अँटिबॉडीला लागले. कंत्राट संपलं. नळी अजून तिथेच आहे.

दुसरी बाजूही सांगते, नाहीतर अन्याय होईल. त्या तीन वर्षांत पगार एकदाही लांबला नाही. शेजारच्या प्रयोगशाळेत अनुदानाचं नूतनीकरण हुकलं तेव्हा दोन जणांना दोन महिन्यांत सामान आवरावं लागलं. त्यांच्याकडे 'स्वातंत्र्य' भरपूर होतं.

जुना हिशेबनीस:
दोघेही कागदाच्या मथळ्यावर भांडताय. जरा मागे जा. दुसऱ्या महायुद्धात व्हॅनेव्हार बुश यांच्या हाताखालच्या सरकारी संशोधन कार्यालयाने विद्यापीठांना वैद्यकीय संशोधन कंत्राटावरच दिलं होतं. पेनिसिलिन, मलेरियाची औषधं, सगळं. युद्ध संपल्यावर उरलेली कंत्राटं १९४६ मध्ये सार्वजनिक आरोग्य सेवेकडे आली आणि तिने त्यांची अनुदानं करून टाकली. एनआयएचचा, म्हणजे तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांचा, आजचा अनुदानांचा पसारा तिथून वाढला. कामही तेच आणि माणसंही तीच, बदललं ते शीर्षक.

उलटं उदाहरणही त्याच वर्षाचं. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या नौदलाच्या संशोधन कार्यालयाने विद्यापीठांतल्या मूलभूत संशोधनाला पैसे दिले ते कंत्राटानेच. पण ती इतकी ऐसपैस लिहिलेली असायची की प्राध्यापकाने स्वतःच मांडलेला विषय हीच कामाची व्याप्ती. तेव्हा प्रश्न कंत्राट की अनुदान हा नाही. विषय कोणी मांडला आणि वाट बदलायला कोणाची परवानगी लागते, हा आहे.

निमसरकारी:
+१. मला हेच म्हणायचं होतं, फक्त कोंबड्यांमध्ये अडकलो.

तळ्यात-मळ्यात:
@जुना हिशेबनीस, नौदलाचा दाखला मान्य, पण ती कंत्राटं लिहिणारी माणसं वैज्ञानिकांचं ऐकून घेणारी होती. माणसं बदलली की ऐसपैस कलम आवळायला कितीसा वेळ लागतो? आणि आवळलं की काय होतं ते ब्रिटनने पाहिलंय. १९७१ च्या रॉथशील्ड अहवालाचं तत्त्व असं होतं की गिऱ्हाइकाने काय हवं ते सांगावं, कंत्राटदाराने जमेल तसं ते करावं आणि गिऱ्हाइकाने पैसे द्यावेत. म्हणून तिथल्या वैद्यकीय संशोधन परिषदेचा सुमारे पाव निधी आरोग्य खात्याकडे वळवला. खातं झालं गिऱ्हाईक. पण पेशीशास्त्रात नेमकं काय मागवायचं हे खात्याला कोण सांगणार? शेवटी परिषदेलाच विचारावं लागायचं. १९८१ मध्ये पैसे मुकाट परत गेले.

फुलपाखरी:
अनुदानवाल्यांनी इतकं सोवळं नेसू नये. कोविडच्या एमआरएनए लसींचा पाया घालणाऱ्या कातालिन कारिको यांना वर्षानुवर्षं अनुदानं नाकारली गेली, १९९५ मध्ये विद्यापीठाने पदावरून खाली आणलं आणि २०२३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. छाननी करणारे जाणकारच होते ना? जाणकारांची समिती म्हणजे सुरक्षित पैजेचं दुकान. त्यापेक्षा हट्टाने पैसे लावणारा एखादा प्रोग्राम ऑफिसर बरा. डार्पाने, म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने, २०१३ मध्ये मॉडर्ना कंपनीच्या आरएनए तंत्रावर अडीच कोटी डॉलरपर्यंत लावायची तयारी दाखवली.

तळ्यात-मळ्यात:
समित्या भित्र्या असतात, मान्य. पण तारखा बघा. आरएनएतली अक्षरं थोडी बदलली की शरीराची प्रतिकारयंत्रणा खवळत नाही, हा कारिको-वाइसमन यांचा निबंध २००५ चा. डार्पा आली आठ वर्षांनी, पाणी लागल्यावर. १९९८ मध्ये त्या अक्षरासाठी निविदा काढायला त्याचं नाव कोणाला सुचलं असतं?

निमसरकारी:
टॅक्सॉल या कर्करोगावरच्या औषधाचं सांगा मग. १९६२ मध्ये सरकारी मोहिमेत पॅसिफिक यू झाडाची साल गोळा केली, कारण वनस्पती सरसकट चाळायच्या असं ठरलं होतं. वॉल आणि वाणी यांनी कंत्राटाखाली त्यातला रेणू वेगळा केला आणि १९७१ मध्ये त्याची रचना छापली. कोणालाही त्या झाडाबद्दल कुतूहल नव्हतं. यादीत होतं म्हणून चाळलं!

फुलपाखरी:
आणि तो पेशीत करतो काय हे १९७९ मध्ये सुझन हॉरविट्झ यांनी दाखवलं. पेशीतल्या सूक्ष्मनलिकांना तो इतकं घट्ट करतो की पेशीचं विभाजनच अडतं. तशी यंत्रणा आधी कोणाच्या यादीत नव्हती.

तळ्यात-मळ्यात:
बरं, एवढं मागे घेतो. चाळणं, साठवणं, वाढवणं, पुरवणं याला कंत्राट चालेल, कदाचित तेच बरं. पण रेणू हातात आल्यावर 'हा असं का करतो?' विचारणाऱ्या माणसाला वेगळा पैसा हवा आणि त्यावर महिन्याचा अहवाल नको. उणे ऐंशीताईंच्या सरांकडे असे थोडे सुटे पैसे असते तर ती पट्टी काय होती ते आज कळलं असतं.

जुना हिशेबनीस:
ताई, ती नळी अजून आहे म्हणता, तर मग कोणीतरी बघा की काय आहे ते.

उणे ऐंशी:
बघते हो. तेवढे तास कोणत्या खात्यावर टाकू तेवढं सांगा.