व्हिनेगरने केएच उतरत नाही

कोरलच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये केएच (पाण्यातली कार्बोनेट-बायकार्बोनेटची क्षारता) जास्त चढला तर तो उतरवायला कोणीतरी टँकमध्ये व्हिनेगर टाकायला सांगितलंय, ते केएचसाठी तरी बाद समजा. टाकल्या टाकल्या टेस्ट किटवर थोडा उतरलेला दिसतो, पण बॅक्टेरिया त्यातलं अ‍ॅसिटेट खातात आणि केएच पुन्हा होता तिथे, शिवाय डोस जास्त झाला तर पाणी दुधाळ होतं ते वेगळंच.

केएच वाढवणारं डोसिंग थांबवून आहे तो केएच कोरलना खाऊ द्या, हा दुसरा सल्ला बरोबरच, पण टँकचं पाणी बनवायचं मीठच 11-12 डीकेएचचं (डीकेएच म्हणजे केएच मोजायचं एकक) असेल तर दर वॉटर चेंजला तो परत चढणार ना, म्हणून मी नव्या पाण्याचाच केएच आधी उतरवून घेतो. हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड, लॅब केमिकलवाल्याकडचं, बाथरूम धुवायचं नको, त्यात रंग-वास काय काय घातलेलं असतं. 33 टक्केवालं असेल तर 100 लिटरला 1 डीकेएच उतरवायला साधारण साडेतीन मिली, ग्लोव्ज-चष्मा घालून, आधी पातळ करून (अ‍ॅसिड पाण्यात, उलटं नाही) आणि नव्या पाण्याच्या ड्रममध्येच, टँकमध्ये कधीच नाही. पीएच धाडकन पडतो, घाबरू नका, एअरस्टोन लावून ठेवला की कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि पीएच वर येतो, केएच मात्र खालीच राहतो. आमच्याकडे खारघरला पावसाळ्यात खिडक्या बंद असल्या की घरातली हवाच कोंदट, मग पीएच वर यायला जाम वेळ लागतो, सरळ ड्रम बाल्कनीत काढायचा. आणि टँकमधला केएच दिवसाला 1 पेक्षा जास्त हलवू नका, अ‍ॅक्रोपोरा (नाजूक जातीचं कोरल) असेल तर अर्धाच.