डायफ्रॅमॅटिक हर्नियाचं ऑपरेशन झालेलं बाळ: दूध पुरेसं, तरी वजन रेंगाळतंय

तालुका_डाएटिशियन: डाव्या बाजूचा हर्निया (छाती आणि पोटामधल्या पडद्याला जन्मतःच भोक, त्यातून पोटातले अवयव छातीत), भोकावर कृत्रिम पडद्याचा पॅच लावून दुरुस्ती. वय ३ महिने, जन्मवजन २.९ किलो, आता ४.२. गेल्या १४ दिवसांत फक्त १४० ग्रॅम वाढ. आईचं काढलेलं दूध ८० मिली, दिवसाला ८ वेळा. थोडं बोंडल्याने, उरलेलं नाकातल्या नळीतून. फ्युरोसेमाइड (लघवी वाढवणारं औषध) चालू. दूध आणखी वाढवलं की उलटी. काय करावं?

नवजात_ओपीडी: आधी हिशोब करा. ६४० मिली म्हणजे किलोमागे १५० मिली, पण आईच्या दुधात १०० मिलीला साधारण ६७ कॅलरी, म्हणून किलोमागे पडतात जेमतेम १०२. या बाळांचा श्वासावरच इतका खर्च होतो की बहुतेकांना १२० ते १५० लागतात. तेव्हा माप तेवढंच ठेवा, दूध घट्ट करा. फॉर्म्युला पावडरच्या एका ग्रॅमला सुमारे ५ कॅलरी. १०० मिली काढलेल्या दुधात १.५ ग्रॅम घातली की ७४. दोन-तीन दिवस पचलं तर २.५ ग्रॅम, म्हणजे ८०. मग किलोमागे १२२ मिळतात. पावडर काट्यावर तोला, डब्यातल्या चमच्याचा भरवसा नको. हे बाळाच्या डॉक्टरांना सांगूनच करा. फुप्फुसाचा रक्तदाब वाढलेला असेल तर द्रवाचं प्रमाण तेच ठरवतील.

साखर किंवा तूप घालायचा सल्ला घरची मंडळी हमखास देतात. तो नको. कॅलरी वाढतात, पण त्या मानाने प्रथिनं कमी पडतात.

आणि सोडियम तपासलंय का? फ्युरोसेमाइडने मीठ लघवीतून जातं, आणि सोडियम कमी असेल तर कॅलरी कितीही ओता, वजन हलत नाही. मात्र मीठ घरच्या अंदाजाने अजिबात घालू नका.

एनआयसीयू_सिस्टर: नळीतून कसं देताय? पंपावर तासन् तास दूध सोडलं तर स्निग्धांश सिरिंज आणि नळीला चिकटून राहतो, म्हणजे नेमक्या कॅलरीच वाया. सिरिंज उभी धरून, उंचीच्या जोरावर, अर्ध्या तासात जाऊ द्या. ढकलू नका, उलटीचं ते एक मोठं कारण असतं.

बोंडलं २० मिनिटांच्या वर नको. बाळ दमलं, नाकपुड्या फुलल्या, कपाळावर घाम आला की थांबा, उरलेलं नळीतून. नळीतून दूध जात असताना बाळाला आईच्या रिकाम्या केलेल्या स्तनाला लावा. महिनोन्महिने नळीवर राहिलेली बाळं पुढे तोंडाजवळ चमचा आला तरी मान फिरवतात, ते टाळायला हे आतापासूनच.

तालुका_डाएटिशियन: दूध अर्ध्या तासात सोडायला सांगते. सोडियम मागच्या महिन्यात पाहिलं होतं, पुन्हा लावते. उलटी पांढरी, दह्यासारखी आहे.

बालशल्य_वॉर्ड: पांढरी असेल तर बहुधा रिफ्लक्स (जठरातलं दूध परत वर येणं), या बाळांत नेहमीचाच. दूध दिल्यावर अर्धा तास उभं धरा, झोपवताना पाठीवरच. हिरवी उलटी झाली तर मात्र त्याच क्षणी दूध बंद आणि थेट सर्जनकडे: आतड्याला पीळ किंवा अडथळा असू शकतो. पॅचवाल्या बाळांत हर्निया परत येतो; अचानक श्वास वाढला, दूध नको झालं, उलट्या वाढल्या तर एक्स-रे काढाच.

नवजात_ओपीडी: वजन आठवड्यातून दोनदा, एकाच काट्यावर, उघड्या अंगाने, दुधाआधी. दिवसाला २५ ते ३० ग्रॅम वाढ हवी. लांबी आणि डोक्याचा घेरही नोंदवा. नुसतं वजन सुटलं आणि लांबी जागेवरच राहिली तर प्रथिनं तपासा.