विषय: पेस्तुमची सहल, शनिवारचा गोठा आणि वर्गणी

प्रेषक: सहलप्रमुख (सोमवार, रात्री)

स. न. वि. वि.

मंडळाच्या १ ते ३ मे या पेस्तुमच्या (दक्षिण इटलीतले प्राचीन ग्रीक नगर) सहलीसाठी काल रात्रीपर्यंत ४३ नावे आली असून त्यांपैकी १५ सभासदांनी आपण शाकाहारी असल्याचे कळविले आहे. शनिवारी सकाळी म्हशींचा गोठा, तेथेच मोझरेला बनताना पाहणे आणि तेथेच जेवण, हे मागील बैठकीत ठरलेच आहे. गोठ्याच्या मालकीणबाईंनी माणशी २२ युरो सांगितले आहेत आणि बुधवारी संध्याकाळपर्यंत नक्की आकडा व निम्मी रक्कम मागितली आहे. जेवणात मोझरेला, रिकोटा, निखाऱ्यांवर भाजलेले कार्चोफी (आर्टिचोकच्या कळ्या) आणि पाव असेल. पाँपेईच्या सहलीत जो घोळ झाला तो पुन्हा नको, म्हणून वर्गणी सर्वांना एकच राहील. कोणाची हरकत असल्यास उद्यापर्यंत कळवावी.

आपला,
सहलप्रमुख

प्रेषक: नेपल्सच्या ताई (सोमवार, रात्री उशिरा)

हरकत आहे, आणि ती मी पाँपेईच्या वेळीही नोंदवली होती.

मोझरेलासाठी दूध घट्ट करताना जे काल्यो घालतात, ते दूधपित्या वासराच्या चौथ्या पोटातून काढलेले असते. ‘वनस्पतिजन्य काल्यो वापरणारा गोठा शोधा’ असे कोणी सुचवण्याआधीच सांगते की, असा गोठा त्या नावाने माल विकूच शकत नाही. ‘मोझरेला दि बुफाला काम्पाना’ या नावाला १९९६ पासून युरोपीय संघाचे डीओपी, म्हणजे मूळ प्रदेशाच्या नावाचे, संरक्षण आहे आणि त्याच्या नियमावलीत वासराचे नैसर्गिक काल्यो स्पष्ट लिहिलेले आहे. घरी आपण लिंबू पिळून दूध फाडतो आणि पनीर करतो, त्याच्याशी याची तुलना होऊ शकत नाही. रिकोटा तर मोझरेलाच्याच उरलेल्या निवळीपासून होते, म्हणजे काल्यो तेथेही आलेच.

आम्ही पंधरा जणांनी भाजलेले कार्चोफी आणि पाव यांसाठी २२ युरो का द्यावेत, याचे उत्तर मला हवे आहे. कार्चोफी मला अत्यंत आवडतात, तरीही.

प्रेषक: सालेर्नोचा दादा (मंगळवार, सकाळी)

ताईंच्या मुद्द्याला माझ्यापाशी उत्तर नाही. परंतु त्याहून मोठी अडचण वेळेची आहे आणि तिच्याकडे कोणाचेही लक्ष गेलेले दिसत नाही. पत्रकात ‘गोठा, सकाळी ११’ असे छापले आहे. अकरा वाजता तेथे पोहोचलात तर धुतलेली फरशी आणि पांढरे बूट घातलेली दमलेली माणसे, एवढेच पाहायला मिळेल. काम पहाटे सुरू होते. काल्योने घट्ट झालेले दूध निवळीत पुरेसे आंबले की त्याचे तुकडे करून त्यांवर जवळजवळ उकळते पाणी ओततात आणि काठीने ताणत ताणत त्याचा लवचीक, चकाकणारा गोळा करतात. मग एक जण तो गोळा दोन्ही हातांत धरतो आणि दुसरा अंगठा व तर्जनी यांच्या चिमटीत एकेक तुकडा तोडून गार पाण्यात सोडतो. मोझरेला हे नावच या तोडण्यावरून, ‘मोझ्झारे’वरून आले आहे. दोघांची लय अशी जमलेली असते की, मी पाहिले तेव्हा ते आपसांत आदल्या रात्रीच्या फुटबॉलवर भांडत होते आणि हात मात्र एकदाही चुकत नव्हता.

त्यामुळे साडेसातला तेथे असायला हवे, आणि त्यासाठी शुक्रवारचा मुक्काम सालेर्नोत न ठेवता कापाच्चो स्कालोमध्ये ठेवावा लागेल. ते गाव दिसायला काही विशेष नाही. हमरस्ता, शेतीऔषधांची दुकाने, ट्रॅक्टरची दुरुस्ती, आणि बाहेर पडताच रुकोला व स्ट्रॉबेरीची पॉलिहाऊसेस. तरी ते गोठ्यांच्या अगदी जवळ आहे आणि राहणे स्वस्त आहे.

प्रेषक: कोल्हापूरचे काका (मंगळवार, दुपारी)

ताई, मीही शाकाहारी आहे आणि तीस वर्षे या देशात राहतो. पार्मेजानलाही वासराचेच काल्यो लागते, हे आपणांस ठाऊक असेलच. मंडळाच्या दिवाळीत पास्त्यावर ते भुरभुरले होते तेव्हा कोणी ताट परत केल्याचे मला स्मरत नाही. मी स्वतः दोन वेळा वाढून घेतले.

गोठ्यावर जायचेच, या मताचा मी आहे. आमच्या लहानपणी गंगावेशीत म्हैस समोर उभी असायची आणि धारोष्ण दुधाचा फेसाळता पेला थेट हातात यायचा. येथील म्हैस आपल्या पंढरपुरीसारखी नव्हे. पंढरपुरीची शिंगे तलवारीसारखी लांब खांद्यापलीकडे जातात, हिची आखूड आणि मागे वळलेली. दूध मात्र तसेच दाट, आठ टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश. मागे मी असाच एक गोठा पाहिला तेव्हा तेथे धार काढणारा तरुण जालंधरचा निघाला. त्याने माझ्याशी हिंदीत अर्धा तास गप्पा मारल्या आणि निघताना एका पिशवीत खाऱ्या पाण्यासकट चार मोझरेला बांधून दिल्या. त्या मी फ्रिजमध्ये ठेवल्या म्हणून आमच्या शेजारणीने मला जे बोल लावले ते येथे लिहिण्यासारखे नाहीत. त्याच दिवशी खायची असेल तर ती तिच्याच पाण्यात बाहेर ठेवावी, एवढे मी तेव्हापासून पाळतो.

प्रेषक: नेपल्सच्या ताई (मंगळवार, दुपारी)

दिवाळीला पास्त्याच्या भांड्यावर ‘चीज आहे’ अशी चिठ्ठी मी स्वतः लावली होती, आणि मी तो पास्ता घेतला नव्हता. काकांनी ती चिठ्ठी वाचली नाही, याला मी जबाबदार नाही.

प्रेषक: खजिनदार (मंगळवार, संध्याकाळी)

माणशी दर ठरवून मग खजिनदाराला कळवण्याची पद्धत कोणत्या बैठकीत मंजूर झाली, हे सहलप्रमुखांनी कृपया सांगावे. २२ गुणिले ४३ म्हणजे ९४६ युरो होतात, आणि त्यांपैकी निम्मे उद्या कोणत्या खात्यातून जाणार आहेत, याची मला कल्पना नाही.

मी वेगळा मार्ग सुचवतो. ३ मे हा महिन्याचा पहिला रविवार असल्यामुळे त्या दिवशी सरकारी संग्रहालये व पुरातत्त्वस्थळे विनामूल्य असतात. मंदिरे आणि संग्रहालय रविवारवर ढकलले, तर प्रवेशशुल्काची जी रक्कम वाचेल, तिच्यातून शाकाहारी सभासदांना जेवणात सवलत देता येईल. अठरा वर्षांखालील मुलांना सर्व दिवशी प्रवेश विनामूल्यच असतो, म्हणून त्यांना मी हिशेबात धरलेले नाही.

प्रेषक: फ्लॉरेन्सच्या मॅडम (मंगळवार, रात्री)

खजिनदारांच्या हिशेबात चूक नाही, तरी सूचनेला माझा विरोध आहे. विनामूल्य रविवार आणि तोही १ मेच्या जोडसुट्टीतला, म्हणजे तेथे जत्रा भरलेली असेल. त्यातून रविवारी दुपारी आपल्याला रोमकडे तीनशेहून अधिक किलोमीटर परतायचे आहे, त्यामुळे मंदिरांना मिळेल जेमतेम दीड तास.

पेस्तुम दीड तासाचे ठिकाण नाही. सिबारिसच्या ग्रीक वसाहतवाल्यांनी इ. स. पू. ६००च्या सुमारास हे नगर वसवले तेव्हा त्याचे नाव पोसिदोनिया होते. पुढे लुकानियन हे इटलीतलेच लोक आले आणि इ. स. पू. २७३ मध्ये रोमनांनी तेथे आपली वसाहत केली. डोरिक या ग्रीक शैलीच्या तीन मंदिरांपैकी सर्वांत जुने हेरा देवीचे, इ. स. पू. सहाव्या शतकाच्या मध्याचे. त्याच्या दर्शनी बाजूला नऊ खांब आहेत. विषम संख्येमुळे नेमका मध्यावरच खांब येतो आणि गाभाऱ्यातूनही मधोमध खांबांची ओळ गेलेली आहे. देवतेची मूर्ती कोठे ठेवत असतील, हा प्रश्न तेथे उभे राहिल्यावर कोणालाही पडतो. अठराव्या शतकातल्या अभ्यासकांना ते मंदिर वाटलेच नाही, म्हणून त्यांनी त्याला ‘बासिलिका’ (रोमन सभागृह) हे नाव दिले आणि ते अजून चिकटलेले आहे. शेजारचे ‘नेपच्यूनचे’ मंदिर सुमारे शंभर वर्षांनी नंतरचे. दोन्हींचे खांब पाठोपाठ पाहिले की, पहिल्याचे फुगीर पोट आणि चपटे शीर्ष यांच्यापुढे दुसऱ्यातला आत्मविश्वास लगेच डोळ्यांत भरतो. हे खांब मावळतीकडच्या उन्हात मधासारखे दिसतात. दुपारी बारा वाजता ते नुसते दगड असतात.

संग्रहालयात १९६८ मध्ये सापडलेल्या ‘सूर मारणाऱ्याच्या’ थडग्याच्या पाच चित्रित शिळा आहेत. चार बाजूंवर मेजवानी रंगवलेली आहे आणि झाकणाच्या आतल्या बाजूवर, म्हणजे मृताच्या डोळ्यांसमोर येईल अशी, पाण्यात झेपावणारी एकच उघडी आकृती. तिच्यासमोर मंडळाचा समूहफोटो काढू नये, अशी माझी आगाऊ विनंती आहे.

तेव्हा शनिवारी सकाळी गोठा, दुपारी संग्रहालय आणि चार वाजल्यानंतर मंदिरे, हाच क्रम ठेवावा.

प्रेषक: रेल्वेने येणारे आम्ही तिघे (मंगळवार, रात्री)

आम्ही बसने येणार नसल्यामुळे जेवणाच्या वर्गणीविषयी मत देत नाही. ज्यांना शनिवारी परस्पर यायचे आहे त्यांच्यासाठी मात्र एक सूचना. सालेर्नोहून पेस्तुमला सर्व गाड्या थांबत नाहीत, प्रादेशिक गाडीच घ्यावी, आणि परतीचे तिकीट सालेर्नोतच काढून ठेवावे. आम्ही एकदा ते काढले नव्हते. संध्याकाळी त्या छोट्या स्थानकावर आम्ही तिघे आणि एक कुत्रा, असे चौघेच होतो. मोबाईलची बॅटरी संपलेली आणि तिकीट मिळण्याची दुसरी सोय कोठेच दिसेना. शेवटी गाडीत तपासनीसाला खरे ते सांगितले आणि त्याने जी पावती फाडली ती आजही आमच्या घरी फ्रिजवर चिकटवलेली आहे.

स्थानकातून बाहेर पडल्यावर समोरच जुन्या तटबंदीतले सिरेना द्वार लागते आणि त्यातून सरळ पायी गेले की, शेतांच्या मधून मंदिरांपाशी पोहोचता येते. वाहनाची आवश्यकता नाही. समुद्र मात्र दुसऱ्या बाजूला, मंदिरांपासून पायी अर्ध्या तासाच्या आतबाहेर आहे. मेच्या सुरुवातीला किनाऱ्यावरच्या छत्र्या आणि खाद्यगृहे बहुधा उघडलेली नसतात, पाणीही थंडगार असते. मुलांना वाळू आणि पाईनच्या झाडांची सावली तेवढी मिळेल.

प्रेषक: सोलापूरच्या वहिनी (बुधवार, सकाळी)

मालकीणबाईंना मी आत्ताच फोन केला. (सहलप्रमुखांची परवानगी घेतली नाही, याबद्दल क्षमस्व, आज बुधवार आहे.)

त्या म्हशीच्या दुधाचे दही स्वतः लावतात आणि त्यात विरजणाखेरीज काहीही घालत नाहीत, काल्यो तर नाहीच. शाकाहारी पंधरा जणांना मोझरेला आणि रिकोटा यांऐवजी दही, दुप्पट कार्चोफी आणि शेतातल्या भाज्या भाजून देण्यास त्या तयार आहेत. कार्चोफी पेस्तुमचेच, गोलसर आणि बिनकाट्यांचे. हंगाम फेब्रुवारीपासून मेपर्यंत असल्यामुळे आपल्याला शेवटचे तोडे मिळतील, असे त्या म्हणाल्या. शिवाय साडेसातला या, म्हणजे काम पाहायला मिळेल, हेही त्यांनी आपण होऊन सांगितले. तेव्हा दादाचे म्हणणे बरोबर आहे.

आता माझे म्हणणे. शुक्रवारी १ मे आहे आणि आपण महाराष्ट्र दिनाला बाहेरगावी असूनही गोडधोड काहीच ठरवलेले नाही. आठ टक्के स्निग्धांशाच्या दह्याचा चक्का कसा होईल, याची कल्पना करून पाहावी. शनिवारी सकाळी दही घ्यायचे, मुक्कामाच्या स्वयंपाकघरात टांगायचे आणि रात्री श्रीखंड. दिवस एकाने चुकेल, पण सालेर्नोत मिळणाऱ्या पातळ डब्यातल्या दह्याचे शुक्रवारी करण्यापेक्षा ते बरे.

जाता जाता एक गोष्ट. मलेरियामुळे खालचे नगर ओस पडले आणि लोक वर कापाच्चोच्या डोंगरात गेले, तेथल्या देवळातल्या मादोन्नाच्या (मेरीमातेच्या) हातात डाळिंब आहे, आणि खालच्या हेराच्या हातातही डाळिंबच असे. सोलापूरच्या माणसाला तेथे एकदा जाऊन यावेसे वाटणारच. बस वरपर्यंत जाते का, हे कोणी विचारून ठेवील काय?

प्रेषक: नेपल्सच्या ताई (बुधवार, सकाळी)

दही चालेल. मात्र मोझरेलाचा चमचा दह्यात घालू नये, हे मालकीणबाईंना मी स्वतः इटालियनमध्ये सांगेन, कारण मागच्या वेळी ते काकांनी सांगितले होते.

प्रेषक: सहलप्रमुख (बुधवार, दुपारी)

मालकीणबाईंशी माझेही बोलणे झाले. दोन्ही ताटांचा दर २२ युरोच राहील, म्हणून वर्गणी एकच. श्रीखंडासाठीचे आठ किलो दही त्या वेगळे देतील आणि त्याचे पैसे मंडळाच्या महाराष्ट्र दिनाच्या तरतुदीतून जातील, असे मी खजिनदारांना विनवतो. मंदिरे शनिवारी चार वाजता. शुक्रवारचा मुक्काम कापाच्चो स्कालोमध्ये हलवला आहे. सालेर्नोच्या हॉटेलाने आगाऊ रक्कम पूर्ण परत दिली. रेल्वेने येणाऱ्या तिघांसाठी ताटे धरलेली नाहीत, त्यांनी आज पाचपर्यंत कळवावे. डोंगरावरच्या देवळाचे बसचालकाला विचारतो. त्याला सलग साडेचार तास चालवल्यावर पाऊण तासाची सक्तीची विश्रांती लागते, हे धरून रविवारी ते बसते का, ते पाहावे लागेल.

एवढा चक्का टांगायला दोन-तीन पातळ पंचे किंवा मलमलीचे मोठे तुकडे लागतील. ते कोण आणेल? केशर माझ्याकडे आहे, वेलदोडे नाहीत.

प्रेषक: खजिनदार (बुधवार, दुपारी)

निम्मी रक्कम पाठवली. पंचे मी आणतो, धुतलेले आहेत. वेलदोडे जो आणेल त्याने पावती जपून ठेवावी.